भट्टीवरचे तीन दिवे

त्या नगरपालिकेत रस्त्याचा दिवा संध्याकाळी सात वाजता निवडला जाई. कंपन्या आपापला नमुना कचेरीच्या आवारात, झाडाखालच्या गार जागेत उभा करत. सात वाजले की अध्यक्ष, साहेब आणि समितीचे सभासद चहा संपवून बाहेर येत, माना वर करत, आणि ज्याच्याकडे बघून डोळे दिपतील त्याच्या नावावर बोट ठेवून घरी जेवायला जात. हे सगळं हिवाळ्यात. उन्हाळ्यात त्या आवारात उभं राहणं समितीला झेपत नसे. म्हणजे ज्याने जन्मभर उन्हात राहायचं त्याची मुलाखत सावलीत, आणि ज्याने पहाटेपर्यंत जागायचं त्याची परीक्षा जेवणाआधी. कंपन्यांची माणसं काही दुधखुळी नव्हती. सात वाजता झगमगायला लागतं काय? नवी बॅटरी आणि थोडा निर्लज्जपणा. दोन्हींचा साठा त्यांच्याकडे कायम असे.

दवाखान्याच्या रस्त्यावर असेच झगमगणारे सौर दिवे लागले होते. पहिला उन्हाळा त्यांनी कसाबसा काढला. दुसऱ्यात एकेकाने मान टाकली. खांब जागेवर, वरचं पॅनेल जागेवर, आत बॅटऱ्या शिजून फुगलेल्या. निवडीच्या कागदावर सह्या सगळ्यांच्या होत्या. पण पुढे अध्यक्ष बदलले, साहेब बदलले आणि दिवाबत्ती विभागाच्या बाई तेवढ्या जागेवर राहिल्या. त्यामुळे दोष त्यांच्याकडे कायमचा मुक्कामाला आला. कचेरीत त्यांना ‘काळोखबाई’ म्हणत. तोंडावर नाही, जिन्यात. पण एवढ्या मोठ्याने की तोंडावर म्हटल्यात जमा.

आता त्याच रस्त्यावर नवे दिवे लावायचे ठरलं, तेव्हा बाई नव्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“या वेळी नमुने उन्हाळ्यात तपासायचे. पूर्ण उन्हाळा.”

“आवारात?”

“आवारात नको. आवारात लोक दुपारी झोपायला येतात, इतकं गार आहे ते.”

“मग गावात सगळ्यात तापणारी जागा कुठली?” साहेबांनी गमतीनं विचारलं.

दाराशी फाइल घेऊन उभा असलेला हेडक्लार्क म्हणाला, “बाईंचं घर.”

सगळे हसले. पण ते खरं होतं. बाई राहत त्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली, एकाच खोलीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांबच्या शहरात संसाराला लागलेली. एकट्या माणसाला कितीशी जागा लागते, म्हणून त्यांनी ती खोली घेतली आणि मग कळलं की जागा पुरते, हवा पुरत नाही. स्लॅब दिवसभर तापे आणि रात्रभर तो ताप खोलीत उतरवत राही. इमारतीतले लोक तिला ‘भट्टी’ म्हणत. बाई झोपताना चादर पाण्यात बुडवून, पिळून अंगाखाली घेत. सकाळी ती धुवायच्या बादलीत जाई, दुपारी जेवायला घरी आल्या की गच्चीवर वाळत, आणि संध्याकाळी पुन्हा अंगाखाली.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “करा तुमच्या गच्चीवर. उन्हाळा संपायच्या आत अहवाल द्या. तुम्ही म्हणाल तो दिवा घेऊ. पण या वेळी दवाखान्याचा रस्ता काळा झाला ना बाई, तर मी समितीकडे बोट दाखवणार नाही. तुमच्याकडे दाखवीन.”

“आजवर तेच चाललंय,” बाई म्हणाल्या.

असे तीन दिवे भट्टीच्या डोक्यावर येऊन बसले. खांबांऐवजी खांद्याइतक्या उंचीच्या लोखंडी तिवया, पायाशी वाळूची पोती. पहिला दिवा देखणा: पॅनेल, दिवा, बॅटरी सगळं एकाच चपट्या पांढऱ्या अंगात, लग्नाच्या फोटोत उभं करावं असा. दुसऱ्याची बॅटरी काळ्या रंगाच्या पेटीत होती. उन्हात ठेवायच्या वस्तूला काळा रंग देणाऱ्याचं घर नक्की थंड हवेच्या ठिकाणी असणार. तिसरा ओबडधोबड. पॅनेल एकीकडे वर, त्याखाली वारा जायला मोकळी फट, बॅटरी वेगळ्या पांढऱ्या, दुहेरी पत्र्याच्या पेटीत, आणि उजेड असा बेताचा की त्याने आधी कुणाची तरी परवानगी मागितली असावी. तो पार्सलने आला होता. त्याच्याबरोबर माणूस नव्हता, एक माहितीपत्रक होतं. त्यात लिहिलं होतं की हवा तापली की हा दिवा आपला उजेड आपणच कमी करतो आणि बॅटरी पहाटेसाठी राखतो. वायरमनने ते वाचलं आणि म्हणाला, “कंजूष आहे.”

पहिल्या दिव्याबरोबर माणूस आला. छोट्या जीपच्या टपावर घडीची शिडी बांधून गावोगाव फिरणारा, बाईंच्याच वयाचा. गाडी चालवताना खिडकीबाहेर काढायची सवय असल्याने एक हात रापून काळा, दुसरा गोरा. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं: शिडीवाला.

दुसऱ्या कंपनीचा माणूस दिवा ठेवून गेला तो गेलाच. शिडीवाला मात्र पुढच्याच आठवड्यात परत आला.

“दिवा बघायला आलो, मॅडम.”

“त्याला काय झालंय? कालपर्यंत बरा होता.”

“आमच्याकडून सेवा असते.”

“सेवा विकल्यानंतर असते. तुमची आधीच सुरू झाली.”

तो हसला. गच्चीवर गेला, दिव्याला हात लावल्यासारखं केलं, आणि मग त्याचं लक्ष वाळत घालायच्या दोरीकडे गेलं. ती दोरी म्हणजे वायरचे तुकडे एकमेकांना जोडलेले. मधोमध एवढा झोळ की चादरीचं टोक जमिनीला टेके.

“हे काय! दिवाबत्ती विभागाच्या घरी दोरी वायरची?”

“चालतं मला.”

“तुम्हाला चालतं हो. चादरीला विचारा.”

तो खाली गेला, जीपमधून नायलॉनची जाड दोरी घेऊन वर आला. टाकीच्या पाइपापासून कठड्याच्या लोखंडी गजापर्यंत ओढून बांधली. दोन्ही टोकांना टपावर सामान बांधणाऱ्यांची असते तशी गाठ, दोरीला दोरीच गिळून बसलेली. बाईंनी बोटाने टिचकी मारली तर दोरी वाजली.

आता हिशेबाने बघायचं तर ही फार मोठी गोष्ट नव्हती. पण त्या घरात नवरा गेल्यापासून जे काही दुरुस्त झालं होतं ते बाईंनी चारदा सांगून, वाट बघून आणि शेवटी स्वतः करून झालं होतं. न सांगता झालेलं हे पहिलंच काम. त्याबद्दल चहा दिला नसता तर बाईंना रात्री झोप आली नसती. चहा झाला. एक कप चांगला होता, एकाचा कान तुटलेला. कान तुटलेला बाईंनी स्वतःकडे ठेवला.

त्यानंतर शिडीवाला दर आठवड्याला येऊ लागला. कचेरी सुटल्यावर, ऊन कलल्यावर. गच्चीवर पाच मिनिटं, खोलीत अर्धा तास. कुठल्या गावात रस्त्यावर दिवे लावले आणि लोकांनी खांबांना शेळ्यांची दावी बांधली, कुठल्या सरपंचाने सगळे खांब स्वतःच्या घरासमोर रोवून घेतले, असलं काहीबाही सांगे. बाईंना हसायची सवय राहिली नव्हती. आधी थोडा खोकला आल्यासारखं व्हायचं, मग हसू यायचं.

“काकू, शिडी लागली बरं का दाराशी,” नर्स जिन्यात गाठून म्हणे.

“अगं, दिवा बघायला येतो तो.”

“दिवा वर आहे. माणूस खाली असतो.”

“चहा काय गच्चीवर उकळू?”

“उकळेल की! या उन्हात गॅससुद्धा नको.”

ही नर्स रात्रपाळी संपवून दवाखान्याच्या त्याच काळ्या रस्त्याने घरी चालत येई. तिच्या पिशवीत टॉर्च असे आणि टॉर्चपेक्षा जड एक कुलूप असे. ते दाराचं नव्हतं. कशाला बाळगतेस, असं बाईंनी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, “हातात काहीतरी असलेलं बरं, काकू.” तिने ते अगदी सहज सांगितलं, आणि जुन्या दिव्यांच्या कागदावर सही केलेल्या बाईंच्या मनात ते तसंच राहिलं.

रविवारी मुलीचा फोन येई.

“आई, कूलर घे ना.”

“घेते.”

“मागच्या रविवारीही घेते म्हणालीस. बरं, कुणी येतं-जातं का?”

“दिवे आलेत तीन.”

“आई, माणसं विचारतेय मी.”

“एकाबरोबर माणूसही आलाय,” असं बाईंच्या तोंडावर आलं होतं. पण पलीकडे जावई काहीतरी विचारत होता, मुलगी “थांब हं” म्हणाली, आणि थांबण्यात तो विषय गेला. त्याच आठवड्यात बाईंनी बाजारातून नवा कप आणला. एकच, सेट नाही. आशा करायची तर ती बेताने केलेली बरी.

शिडीवाल्याचंही घर होतं. त्यात मुलगा, सून, नातवंडं होती. “माझी खाट घडीची आहे, मॅडम,” तो एकदा म्हणाला. “मी गेलो की उघडते, निघालो की भिंतीला. पोरांना खेळायला जागा लागते ना. चांगलं आहे, भांडण नाही काही.” मग नव्या कपातला चहा संपवून म्हणाला, “हे काम मिळालं तर कंपनी या भागात मला कायमचं ठेवील. इथेच एखादी खोली बघीन. नाहीतर दुसरा भाग देणार आहेत. बराच लांब आहे.”

त्याने हे मागितल्यासारखं म्हटलं नाही. बाईंनीही ऐकल्यासारखं दाखवलं नाही. पण दोघांच्या मध्ये ते टेबलावर ठेवलेल्या किल्लीसारखं पडून राहिलं.

उन्हाळा चढला. बाई पहाटे पाणी यायच्या वेळी उठत तेव्हा आधी गच्चीवर जाऊन कोण जळतंय ते बघत. सकाळी आणि संध्याकाळी बॅटरीच्या पेटीला तापमापक लावत. काळ्या पेटीचा दिवा आधी गेला. एका पहाटे विझलेला मिळाला, पुढच्या आठवड्यात रात्रीच्या जेवणालाच विझू लागला, आणि नंतर पेटीचं झाकण आतून कुणी धक्का दिल्यासारखं वर आलं. त्या कंपनीला फोन केला तर ज्याने उचलला त्याला आपण दिवे बनवतो हेच माहीत नव्हतं.

मग धुळीचे दिवस आले. दोन दिवस सूर्य ताटलीसारखा पिवळा, बघता येईल असा. पॅनेलांवर बोटाने नाव लिहावं एवढी धूळ. अशा वेळी दिव्याची शिल्लक कळते. तिसऱ्याने आपला कंजूषपणा चालू ठेवला आणि पहाटेपर्यंत मिणमिणत राहिला. पहिला मात्र झळझळीत, जणू धूळ दुसऱ्या गावात होती. पहाटे त्याच्या उजेडात बाईंची सावली कठड्यापर्यंत लांब पडली आणि बाईंना एकदम फार बरं वाटलं. इतकं, की आपल्याला नेमकं कशाचं बरं वाटतंय हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. उजेड जास्त, टिकाव सारखाच. दवाखान्याच्या रस्त्याला झळझळीत दिवा मिळेल, नर्सचं कुलूप घरी राहील, आणि शिडीवाला इथे खोली बघेल. कुणाचंच वाईट न करता सगळ्यांचं भलं होण्याचा योग आयुष्यात फार वेळा येत नाही. बाईंनी मनातल्या मनात अहवालाचं पहिलं वाक्य लिहूनसुद्धा टाकलं.

आणि मग कचेरीची वीज गेली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेली ती येईचना. पंखे बंद पडल्यावर साहेबांनी सगळ्यांना घरी पाठवलं. बाई नुकत्याच चादर वाळत घालून कचेरीत परतल्या होत्या, त्या पुन्हा घरी आल्या. त्या वेळी त्या गच्चीवर कधी नसत, रविवारीसुद्धा नाही. दुपारी येत तेव्हा सूर्य डोक्यावर असे, संध्याकाळी येत तेव्हा मावळतीला. मधलं ऊन त्यांनी कचेरीच्या खिडकीतून बघितलं होतं, गच्चीवरून कधीच नाही. चादर वाळली असेल, काढून घ्यावी, म्हणून वर गेल्या.

चादर वाळली होती. तिची सावली फरशीवरून सरकत जाऊन पहिल्या दिव्यावर बसली होती. नेमकी, अंगाला शिवल्यासारखी.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. पायाला चटके बसले तेव्हा हलल्या. पॅनेलला हात लावला, कोमट. खालच्या बाजूने, जिथे बॅटरी, तिथेही कोमट. तिसऱ्याच्या पॅनेलवर हात ठेवला आणि लगेच काढला.

सगळं कळायला फार विद्या लागत नव्हती. सकाळपासून दुपारपर्यंत पहिला दिवा सूर्य पोटभर खाई. बॅटरी भरून होई. त्यानंतरचं ऊन तिला भरत नसे, नुसतं शिजवत असे. आणि नेमकं तेव्हाच तिच्यावर चादर धरली जाई. रोज. ओली चादर दुपारी कोण वाळत घालत होतं? स्वतः बाई. सावली देणारी दोरी कुणी बांधली?

गच्ची केवढी मोठी होती! टाकीपासून दुसऱ्या कठड्यापर्यंतही दोरी गेली असती. ती जवळही पडली असती.

बाई टाकीच्या भिंतीला टेकून बसल्या. त्यांनी वेगवेगळ्या बाजूंनी हिशेब मांडून बघितला. त्याला ठाऊक नसेल. ठाऊक असेल. ज्याला सूर्य कुठून कुठे जातो हे ठाऊक नाही त्याला सौर दिव्यांची कंपनी नोकरीवर ठेवते का? बरं, ठाऊक असेल, तरी पुढे येत राहिला तो चहासाठी? की चादर रोज पडते ना, हे बघायला? आणि सगळ्यात अवघड आकडा शेवटी: हे कुणाला कळणार आहे? साहेब या गच्चीवर कधी येणार नाहीत. वाक्य तर लिहून तयार आहे. दिवा लावला की पहिला उन्हाळा निघेल. दुसरा येईपर्यंत शिडीवाला इथे राहायला आलेला असेल. दुसऱ्यात मात्र रस्ता काळा होईल, कारण खांबाला चादर नसते.

नर्सच्या पिशवीतलं कुलूप त्यांना आठवलं.

त्यांनी दोरीची गाठ सोडायचा प्रयत्न केला. नखांनी, मग चमच्याच्या दांड्याने. गाठ सुटेना. सुरीने एका क्षणात कापता आली असती. सुरी खोलीत होती, बाई आणायला गेल्याही. आणि रिकाम्या हाताने परत आल्या. मग त्यांनी दोरी राहू दिली आणि दिवा हलवला. वाळूची पोती ओढून बाजूला काढली, तिवई फरशीवरून करकरत सरकवत गच्चीच्या पार पलीकडे, उघड्या उन्हात नेली, आणि पोती पुन्हा तिच्या पायाशी लावली. फरशीवर तीन पायांचे तीन ओरखडे उमटले. सगळं झाल्यावर खाली येऊन गटागटा पाणी प्यायल्या आणि चहाचे दोन्ही कप उगाचच पुन्हा धुतले.

त्या आठवड्यात शिडीवाला आला. गच्चीवर गेला. लवकर खाली आला नाही. मग आला.

“जागा बदलली वाटतं दिव्याची?”

“हो.”

“का, काही अडचण होती?”

“नाही. ऊन बरं आहे तिकडे.”

त्याने मान हलवली. “ऊन चांगलं आहे तिकडे,” तो म्हणाला. चहा प्यायला. त्या दिवशी सरपंचाची गोष्ट नव्हती, शेळ्यांची नव्हती. जाताना दारात वळून म्हणाला, “मॅडम, कूलर घ्या हो. या खोलीत माणूस राहत नाही.”

मुलगी म्हणे तेच वाक्य. पण मुलगी फोनवर म्हणे.

पुढच्या आठवड्यात तो आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. बाई कचेरीतून येताना कोपऱ्यावरून जीप दिसते का बघत, आणि दिसत नाही हे कळल्यावर भाजीच्या पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करत. उन्हात नेलेल्या दिव्याने मात्र आपलं काम चोख केलं. आधी पहाटे विझू लागला, मग पहाटेच्या बराच आधी. संध्याकाळी सातला तो अजूनही तिन्हींत झळझळीत होता. समिती आली असती तर आजही त्याच्यावरच बोट ठेवून जेवायला गेली असती.

समितीच्या बैठकीत बाईंनी तिसऱ्या दिव्याची शिफारस वाचली. मग म्हणाल्या, “पहिल्या दिव्याचे सुरुवातीचे निकाल चांगले दिसतील. ते धरू नयेत. त्या काळात दुपारभर त्याच्यावर सावली होती.”

“गच्चीवर सावली? कशाची?” साहेबांनी विचारलं.

“चादरीची. माझ्या.”

अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे प्रत्येक खांबाबरोबर एक चादर द्यायची का आता?” आणि बैठक हसण्यात बुडाली.

“आणि धुणार कोण?” एक सभासद.

“आरोग्य विभाग!”

“तोच दिवा घेतलात तर द्यावी लागेल,” बाई म्हणाल्या. “धुवायचं नंतर बघू.”

हसणं जरा कमी झालं. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “पण बाई, तुम्ही दिवाबत्तीच्या. दोरी नेमकी तिथे बांधलीच कशी? कुणी बांधली?”

हेडक्लार्कचं पेन थांबलं.

“माझ्या घरची दोरी आहे,” बाई म्हणाल्या. “बांधलेली होती.”

तिसरा दिवा मंजूर झाला. मंजूर करताना अध्यक्षांनी त्याच्याकडे बघून “फारच मिणमिणता आहे हो,” असं तीनदा म्हटलं. जिन्यात ‘काळोखबाई’ जाऊन ‘चादरबाई’ आलं. बढतीच म्हणायची.

उन्हाळ्याच्या शेवटी शेवटी एका संध्याकाळी दाराशी शिडी टेकल्याचा आवाज झाला. शिडीवाला नमुना परत न्यायला आला होता. बाई त्याच्यामागून गच्चीवर गेल्या. तो पान्याने बोल्ट सोडू लागला. काळा हात फिरवत होता, गोरा धरून होता.

“दुसरा भाग मिळाला,” तो खाली बघूनच म्हणाला. “लांब आहे, पण हवा बरी आहे म्हणतात.”

“बरं झालं.”

“तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत म्हणे बैठकीत.”

“विचारलं नाही कुणी.”

“विचारलं होतं. हेडक्लार्कने सांगितलं मला.”

दुसरा बोल्ट सुटला.

“मग आता मी विचारते,” बाई म्हणाल्या. “दोरी कशासाठी बांधली होती?”

“कपडे वाळत घालायला दोरी हवीच होती ना तुम्हाला.”

“ते माझं झालं. तुमचं सांगा.”

त्याने पाना फरशीवर ठेवला. दोरीकडे बघितलं, मग सूर्य होता तिकडे.

“सूर्य कुठे जातो ते मला कळतं, मॅडम. धंदाच आहे माझा. दोरी कुठून कुठे न्यायची ते दिव्यासाठी ठरवलं.” त्याने पाना पुन्हा उचलला. “पण गाठ दिव्यासाठी नव्हती मारली. दिव्याला साधी गाठसुद्धा पुरली असती. उन्हाळा निघाला असता तेवढ्यावर.”

हे खरं होतं की विक्रेत्याचं शेवटचं बोलणं होतं, हे बाईंना त्याच्या चेहऱ्यावरून वाचता आलं नाही. इतकी वर्षं सवय दिवे बघायची होती. दिव्याला पहाटेपर्यंत थांबून बघता येतं. हा माणूस आत्ताच निघणार होता.

“सोडू का?” त्याने विचारलं. “मला सुटते ती.”

“राहू दे.”

“चहा?” हे कुणीच म्हटलं नाही. तो दिवा खांद्यावर घेऊन जिना उतरला, मागून बाई शिडीचं एक टोक धरून. जीपच्या टपावर त्याने दोन्ही बांधलं. नर्स खिडकीत होती; पहिल्यांदाच तिने काही थट्टा केली नाही. जीप कोपऱ्यावर वळली तेव्हा त्याचा काळा हात खिडकीबाहेर आला, पण तो निरोपासाठी होता की सवयीने, ते कळायच्या आत भिंत आडवी आली.

तिसऱ्या कंपनीचे दिवे दवाखान्याच्या रस्त्यावर ओळीने लागले. त्यांच्याकडून तेव्हाही कुणी माणूस आला नाही. खोकी आली आणि पुन्हा तेच माहितीपत्रक. लोकांनी तक्रारी केल्या: दिवे मंद आहेत, पैसे खाल्ले असतील. पुढचा उन्हाळा आला, त्याच्या पुढचाही. तक्रारी तशाच राहिल्या, कारण दिवेही राहिले.

“काकू,” नर्स एकदा रात्रपाळीहून येताना जिन्यात भेटली, “ते तुमचे दिवे जरा मंदच आहेत हं. वाचता येत नाही त्याखाली.”

“तू रस्त्यात काय वाचतेस?”

“तसं नाही हो. म्हणजे, असतात. पहाटेही असतात.” तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. पिशवी हलकी दिसत होती. बाईंनी विचारलं नाही.

बाईंनी कूलर घेतला. मुलीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं बाई! शेवटी कुणी पटवलं तुला?”

“पटलं,” बाई म्हणाल्या.

दुपारी त्या अजूनही जेवायला घरी येतात आणि चादर वर वाळत घालतात. कूलर असला तरी सवय आहे. नायलॉन उन्हाने पांढुरका पडलाय, पण दोरीला झोळ आलेला नाही. सुट्टीच्या दिवशी बाई कधी मधल्या उन्हात वर जातात. सावली फरशीवरून हळूहळू सरकत येते, आपल्या ठरलेल्या जागी येऊन बसते. तिथे आता काही नाही. तिवईच्या पायांचे ओरखडे तेवढे तिथून सुरू होऊन पलीकडे उन्हात गेलेले दिसतात. बाई थोडा वेळ सावलीत उभ्या राहतात, जागा खरंच गार आहे का ते बघायला. गार असते. मग चादरीची घडी घालून खाली येतात.